खेळाच्या गोष्टीत दोन भाऊ समोरासमोर आले की दादाने मुद्दाम हरायचं का?

प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 10 ते 13 वयाच्या मुलांसाठी कादंबरी चाललीय, कोल्हापुरातले दोन सख्खे भाऊ, खेळ फुटबॉल. मोठा 15 चा, फॉरवर्ड खेळतो, धाकटा 13 चा, गोलकीपर, आणि खेळात दादापेक्षा सरस. दोघं वेगवेगळ्या शाळांत आहेत, शाळांच्या फायनलला समोरासमोर येतात, शेवटची पेनल्टी दादाकडे येते, तो मुद्दाम हळू मारतो, धाकटा अडवतो, जिंकतो, मग मिठी. भाच्याला वाचून दाखवल्यावर तो म्हणाला "असं कोण करतंय व्हय, खोटं आहे", आणि एका मैत्रिणीला मोठा भाऊ पुस्तकभर खलनायक वाटला. आता शेवट बदलू का मोठ्याचा स्वभाव बदलू, आणि कुणीतरी म्हणतंय कोल्हापूर आहे तर कुस्तीच घे, तर खेळ बदलू का, असे तुमचे प्रश्न.

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते, दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचून सूचना देते आणि शाळाशाळांतून गोष्टी वाचून दाखवते. त्यात खेळाच्या गोष्टी भरपूर असतात, कारण आपल्याकडची पोरं शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून मोठी झालेली, त्यांना पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा ही फुटबॉल संघांची नावं पाढ्यांच्या आधी पाठ होतात. त्यामुळे त्यांना खेळातलं खोटं लगेच कळतं. तुमच्या भाच्याचं म्हणणं मी फार गंभीरपणे घेईन.

माझ्या मते शेवट आणि स्वभाव या दोन्हीच्या आधीची एक गोष्ट राहिलीय. हे दोघं नक्की कशासाठी भांडतायत ते अजून कादंबरीत आलेलं नाही. कप? कप मैदानावरच्या बाकीच्या वीस पोरांनाही पाहिजे असतो. सख्ख्या भावांना एकमेकांकडनं जे पाहिजे असतं ते कपाच्या आधीचं आणि घरातलं असतं, मैदानावर ते फक्त सगळ्यांसमोर मोजलं जातं. बाबा कुणाची मॅच बघायला आले, दुधाचा मोठा ग्लास कुणाला, पाहुण्यांसमोर कुणाचं कौतुक आधी निघतं, नवीन बूट कुणाला आणि जुने कुणाला. खेळाच्या गोष्टीत भावंडं लिहिताना मी आधी घरातला स्कोअर लिहून काढते, मॅचचा स्कोअर नंतर, आणि हे नुसतं म्हणायला नाही, खरंच वहीत दोन रकाने करून लिहिते की या घरात गेल्या वर्षभरात कुणाला काय मिळालं आणि कुणाचं काय राहिलं.

तुम्ही दिलेल्या सारांशात एक वाक्य आहे, "धाकट्याला खेळामुळे दुसऱ्या मोठ्या शाळेने फी माफ करून घेतलं." बस, एवढंच, आणि पुढच्या वाक्यात थेट स्पर्धा सुरू. अहो, तुमची कादंबरी त्या वाक्यात आहे! त्या दिवशी घरात काय झालं? त्या शाळेचे सर घरी आले तेव्हा दार कुणी उघडलं? ते नक्की कुणासाठी आलेत असं दादाला पहिल्या दोन मिनिटांत वाटलं असेल? बाबांनी पेढे आणले असतील तर दादाने खाल्ला का? दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी वेगवेगळ्या दिशांना सायकली वळवणार, इतकी वर्षं डबलसीट गेलेले. हे सगळं लिहा आणि सावकाश लिहा, दहा पानं गेली तरी चालतील. हे वाचलेल्या मुलाला नंतर दादा चिडचिड करताना दिसला तर तो खलनायक वाटणार नाही, कारण त्याच्या रागाचं कारण त्याने डोळ्यांनी बघितलेलं असेल. स्वभाव बदलायची गरज नाही, दादाला रागवायला न्याय्य कारण द्या म्हणजे झालं.

आणखी एक विचारते. धाकटा गोलकीपर का झाला? तुम्ही कुठे लिहिलेलं नाही पण उत्तर गल्लीतल्या कुठल्याही पोराला माहितीय. दादाला शॉट मारायचे होते आणि गोलमध्ये उभं राहायला कुणीतरी पाहिजे होतं, म्हणून. धाकट्याला कोण विचारतंय! दोन विटा ठेवायच्या, मध्ये धाकट्याला उभं करायचं, आणि अंधार पडून आई हाक मारेपर्यंत त्याच्यावर बॉल मारत बसायचं. म्हणजे हा जो भारी कीपर तयार झालाय तो दादाच्या शॉटवर तयार झालाय, आणि ते घरात कुणीच बोलून दाखवत नाही, सरही नाहीत, बाबाही नाहीत, धाकट्याच्या तर डोक्यातही आलेलं नाही. दादाला जे पाहिजे ते हे आहे. "तुझ्यामुळे झालो" एवढं धाकट्याने एकदा म्हणावं. माझ्या वहीत दादाच्या रकान्यात मी हेच सगळ्यात वर लिहीन.

आता पेनल्टीकडे या, बघा ती कशी बदलते. 11 मीटरवर बॉल ठेवलाय, मारणारा दादा, अडवणारा धाकटा. धाकट्याने या पायाचे शॉट लहानपणापासून खाल्लेत, दादा टेन्शनमध्ये आला की कुठल्या कोपऱ्यात मारतो ते त्याला ठाऊक आहे. आणि त्याला ठाऊक आहे हे दादालाही ठाऊक आहे. मग दादाने नेहमीच्या कोपऱ्यात मारायचं की बदलायचं? धाकट्याने ओळखीवर जायचं की दादा बदलेल असं धरून चालायचं? इथे कुणालाही मुद्दाम हरायची गरजच उरत नाही, दोघांनी जीव तोडून खेळायचं, आणि जो जिंकेल तो समोरच्याला आतनं बाहेरनं ओळखतो म्हणून जिंकेल. गोल होऊ दे नाहीतर अडू दे, दोन्ही शेवट मला चालतील.

मुद्दाम हरणं का नको ते जरा सविस्तर सांगते, कारण हा शेवट हस्तलिखितांत फार येतो आणि लिहिणाऱ्याला वाटतं की यात त्याग आहे, मुलांना चांगलं वळण लागेल. पण धाकट्याच्या बाजूने विचार करा. त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी पेनल्टी अडवली आणि ती त्याची नाहीच. कधीतरी त्याला कळणार, आणि कळलं की तो दादाचे आभार मानणार नाही, भडकणार, आणि भडकायलाच पाहिजे. दुसरं, दादाच्या टीममधली बाकीची दहा पोरं. ती वर्षभर पहाटे उठून आलीत, त्यांचं काय? भावाच्या प्रेमापोटी दादाने त्यांना फसवलं, आणि मिठीच्या सीनमध्ये लेखक ते विसरला तरी वाचणारं पोर विसरत नाही, कारण ते पोर स्वतः त्या दहांतलं असतं.

खऱ्या खेळात तर नुसता संशयसुद्धा किती महाग पडतो बघा. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या टेनिस खेळणाऱ्या बहिणी 2001 मध्ये अमेरिकेतल्या इंडियन वेल्स स्पर्धेच्या सेमीफायनलला एकमेकींसमोर येणार होत्या, व्हीनसने दुखापतीमुळे ऐनवेळी माघार घेतली. बहिणींच्या मॅच घरातच ठरतात अशी कुजबुज आधीपासून होती, तिला ऊत आला, आणि फायनलला प्रेक्षकांनी सेरेनाची इतकी हुर्यो उडवली की ती जिंकूनसुद्धा नंतर 2015 पर्यंत त्या स्पर्धेला फिरकली नाही. काही सिद्ध झालेलं नव्हतं, फक्त लोकांना वाटलं. तुमच्या कादंबरीत तर ते खरंच घडतंय आणि आपण त्यावर टाळ्या वाजवा म्हणतोय.

मग भावाने भावासाठी काही सोडायचंच नाही का? सोडायचं की. 2016 मध्ये मेक्सिकोत कोझुमेलला ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत होती. जॉनी ब्राउनली पुढे होता आणि शेवटच्या टप्प्यात उन्हाने त्याचे पाय लटपटायला लागले, अक्षरशः रस्त्याकडेला झोकांड्या खात होता. मागून मोठा भाऊ ॲलिस्टर आला, त्याने स्वतःच्या जिंकण्यावर पाणी सोडलं, जॉनीचा हात खांद्यावर घेतला, त्याला ओढत आणला आणि रेषेपाशी त्याला पुढे ढकललं. जॉनी दुसरा, ॲलिस्टर तिसरा, आणि मधल्या मधे दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन पहिला. याच दोघांनी महिन्याभरापूर्वी रिओ ऑलिंपिकमध्ये एकमेकांविरुद्ध पळून सुवर्ण आणि रौप्य घेतलेलं, तिथे कुणी कुणाला सोडलं नव्हतं. हा त्याग का पटतो? कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाला, ज्याच्यासाठी केला त्याला माहीत होतं, आणि सोडलं ते ॲलिस्टरने स्वतःचं सोडलं, दुसऱ्या कुणाचं नाही. तुमच्या दादाचा त्याग चोरून आहे आणि दहा जणांच्या खिशातला आहे. दादाने काही सोडावं असं वाटतच असेल तर मॅचच्या आधी किंवा नंतर सोडू दे, स्वतःचं सोडू दे.

एक तांत्रिक चूकही दुरुस्त करून घ्या, नाहीतर खेळणारी मुलं पहिल्याच पानावर पुस्तक मिटतील. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. तुमचा 13 वर्षांचा धाकटा साधारणपणे 14 च्या गटात खेळेल आणि 15 चा दादा 17 च्या, म्हणजे ते फायनलला भेटणारच नाहीत. धाकट्याला 14 पूर्ण करा, दादाला 16 चा करा, दोघं 17 च्या गटात येतात. याचा आणखी फायदा असा की धाकटा त्या गटातला लहानातला लहान होतो आणि दादाचं या गटातलं हे शेवटचं वर्ष ठरतं, म्हणजे त्याला पुढच्या वर्षी म्हणायची सोय नाही.

आई. तुमच्या सारांशात आई फक्त डबा देते. फायनलच्या दिवशी ती कुठे बसणार? 2016 च्या युरो स्पर्धेत ग्रानिट झाका स्वित्झर्लंडकडून आणि त्याचा मोठा भाऊ ताउलांत अल्बेनियाकडून समोरासमोर आले तेव्हा त्यांची आई अर्धा एका देशाचा आणि अर्धा दुसऱ्या देशाचा असा टी-शर्ट घालून आली होती. तो फोटो मी मुलांना दाखवते आणि विचारते, तुमची आई काय करेल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एक मुलगी म्हणाली, माझी आई येणारच नाही, देवापाशी बसेल. एकजण म्हणाला, आई धाकट्याच्याच बाजूला बसणार, नेहमीच बसते, आणि मग बराच वेळ गप्प झाला. तुमच्या आईला दोन्ही शाळांच्या पालकांच्या मध्ये कुठेतरी उभं करा आणि गोल झाला की तिचे हात कधी वर जातात ते धाकट्याला गोलमधून दिसू द्या.

आता लिहायचं कसं त्याबद्दल. "दादाला मत्सर वाटला" हे वाक्य मी कुणाच्याही हस्तलिखितात दिसलं की खोडते. वस्तू दाखवा. समजा धाकट्याला नवीन शाळेकडनं किट मिळालं, बूट नवीन, आणि वर्षभरात त्याचा पाय दादाच्या पुढे गेलाय. आजवर दादाचं जुनं धाकट्याकडे यायचं, आता उलटं झालं. धाकट्याला इथे अन्या म्हणूया.

आईनं पिशवी उलटी केली. अन्याचे मागच्या वर्षीचे स्टड. डाव्याचा सोल एका बाजूनं उचकटलेला, दोनदा शिवून आणलेला.
"टाकून देऊ काय रं?"
दादानं बूट उचलला, आत हात घालून चाचपला.
"ऱ्हाऊ दे. सरावाला हुतील मला."
आतनं अन्या ओरडला, "माझं बूट हायत ते!"
"मग घाल की."
अन्या आला, खाली बसला, पाय कोंबला. टाच आत जाईना. त्यानं जोर लावला, तोंड लाल झालं.
"घालतोयस न्हवं?" दादा म्हणाला.
"घालीन उद्या."

एवढंच. कुणाला काय वाटलं ते सांगितलेलं नाही पण ज्या मुलाला भाऊ किंवा बहीण आहे त्याला सगळं कळतं, आणि लक्षात घ्या, इथे चुकीचं धाकटा वागतोय. ज्याला सगळं मिळतंय त्यालाही फाटके बूट सोडवत नाहीत. दोघांनाही आळीपाळीने असं चुकीचं वागू द्या, म्हणजे वाचणारा मोठा असो की धाकटा, त्याला एका पानावर आपली बाजू दिसेल आणि दुसऱ्या पानावर समोरच्याची. (बोली मात्र संवादापुरती ठेवा. निवेदनही सगळं "हायत, हुतील" मध्ये गेलं तर दहा वर्षांचं मूल वाचताना अडखळतं.)

दादाला मागे पडू दिलं की त्याची गोष्ट संपली असं समजू नका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चेन्नईची वैशाली आधी बुद्धिबळ खेळायला लागली, तिचं बघून धाकटा प्रज्ञानंद शिकला, आणि 2018 मध्ये, अजून 13 चाही नव्हता तेव्हा, ग्रँडमास्टर झाला. ती मोठी, ती आधीची, आणि जग तिला प्रज्ञानंदची बहीण म्हणून ओळखायला लागलं. ती खेळत राहिली, 2023 च्या अखेरीस तिने ग्रँडमास्टरसाठीचं 2500 रेटिंग ओलांडलं, जगातली पहिली भाऊ-बहीण ग्रँडमास्टर जोडी झाली, आणि 2024 ला टोरांटोत दोघं आपापल्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, खेळत होते. मधली ती पाच वर्षं बघा. कादंबरी लिहायची तर मी त्या पाच वर्षांची लिहीन. तुमच्या दादालाही धाकट्यापेक्षा वेगळं काहीतरी येऊ द्या, जे मैदानावरच उपयोगी पडतं. तो टीमला सांभाळत असेल, रडणाऱ्या पोराला उठवत असेल, समोरच्याचा डाव आधी ओळखत असेल. नंतर अचानक चित्रकलेत पहिला नंबर वगैरे आणू नका, मुलं त्याला समजूत काढणं म्हणतात.

धाकट्यासाठीही एक. धाकटा दादाचं ऐकतो, सवयीने ऐकतो, आणि त्यात धोका असतो. 1 फेब्रुवारी 1981 ला मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर 6 पाहिजे होते, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने गोलंदाजाला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं, आणि तो गोलंदाज त्याचा सख्खा धाकटा भाऊ ट्रेव्हर होता. त्याने टाकला. सगळ्यात मोठा इयान त्या वेळी कॉमेंट्री करत होता आणि त्याने जाहीर टीका केली. एक चेंडू आणि तीन भाऊ, तिघांच्या तीन जागा. तुमच्या धाकट्याने पुस्तकात एकदा तरी दादाला "नाही" म्हटलं पाहिजे, आणि ते मैदानावर नको, घरात.

कुस्तीचं विचारलंय. ते तुमच्यावर आहे, तुम्हाला जो खेळ आतनं माहितीय तो घ्या. पण कुस्ती घेतली तर गोष्टीचा साचा बदलेल हे लक्षात ठेवा, कारण सख्ख्या भावांची जोड मैदानात सहसा कुणी लावत नाही, आणि मॅटवरच्या स्पर्धेत दोघं बहुतेक वेगळ्या वजन गटात जातात. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुलात गीता फोगटने 55 किलोत सुवर्ण आणि तिची बहीण बबिताने 51 किलोत रौप्य घेतलं, एकमेकींशी लढावंच लागलं नाही. म्हणजे खासबागेच्या कुस्ती मैदानातली भावाभावांची फायनल विसरा. कुस्तीत भाऊ भिडतात ते तालमीत, पहाटे, वस्ताद दोघांना रोज एकत्र जोर करायला लावतात तेव्हा, आणि दुपारी खुराकावर. बदाम, तूप, दूध, एका पैलवानाचा खर्च झेपताना घराची दमछाक होते, दोघांचा कुठून आणायचा? घरातल्या स्कोअरच्या दृष्टीने हे फुटबॉलपेक्षाही तगडं आहे, फक्त शेवटचा मोठा सामना मिळणार नाही.

भाऊ-बहीण किंवा दोन बहिणी असतील तर भांडण बरेचदा परवानगीचं होतं, पहाटे ग्राउंडवर एकटं कुणी जायचं, बाहेरगावच्या स्पर्धेला कुणाला सोडायचं. तो वेगळा मोठा विषय आहे, इथे नको. आणि वाचकाच्या वयावरही बरंच आहे. आठ-नऊच्या मुलांना शेवटी भाऊ एकत्र आलेले दिसायला लागतात, नाहीतर ती अस्वस्थ होतात. तुमचा वाचक 10 च्या पुढचा आहे, त्याला मिठी नाही मिळाली तरी चालेल, पण हिशोब अर्धवट राहिलेला चालणार नाही.

म्हणून शेवटाबद्दल असं सुचवते. पेनल्टी खरी खेळू द्या, निकाल तुम्ही ठरवा. मग एक छोटं प्रकरण घरचं ठेवा, त्यात दादाच्या रकान्यातली ती वरची गोष्ट आली पाहिजे, धाकट्याने ते कबूल केलं पाहिजे, पण भाषण करून नाही. कुणी पत्रकार किंवा शेजारचे काका विचारतील "पेनल्टी अडवायला कुणी शिकवलं रं?" आणि तो सरांचं नाव न घेता दुसरं नाव घेईल, एवढं पुरे. दादा हरलेला असेल तर ते त्याला लागेल, आणि जिंकलेला असेल तर जास्तच लागेल, मला वैयक्तिक दुसरं आवडेल.

शेवटाला लगेच हात लावू नका. आधी शाळा बदलण्याचं ते प्रकरण लिहा, सर घरी येतात तिथपासून पहिल्या वेगळ्या सायकलींपर्यंत, आणि तेवढंच भाच्याला वाचून दाखवा. आवडलं का असं विचारू नका, कुणाचं बरोबर आहे असं विचारा. पटकन एकाचं नाव घेतलं तर दुसऱ्याची पानं कमी पडलीत. "तसं दोघांचं पण..." म्हणून थांबला तर पुढे जा. भाचा धाकटा असेल तर एखाद्या थोरल्यालाही वाचून दाखवा, दोघांची उत्तरं वेगळी येतात.